घेशील तर दोन घे

सारसोळे, पहिला मजला
८ जानेवारी २०२४

ती. पुतळाकाकीस,
जागृतीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी पिशवी पावासाठी दोरीने खाली जाते, ती वर येताना आमच्या गॅलरीपाशी पकडून त्यात हे पत्र ठेवते आहे. पाव दबला तर रागावू नकोस.

दीपेशदादाच्या हळदीत पप्पांच्या आधी मोरा गावच्या त्याच्या मामांना पहिला मान दिला, पप्पा न जेवता उठले, आणि तू एकवीरा आईची शपथ घेतलीस की या घराशी एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्याच दिवशी तू मला चिठ्ठी पाठवून कळवलंस की लिहिण्याबद्दल शपथेत काही नव्हतं. मी शाळेत जायला रडायचे तेव्हा तूच ओट्यावर बसवून मला अक्षरं शिकवलीस, ती अशी एका घरातून त्याच घरात पत्रं लिहायला उपयोगी पडतील असं तुला तरी वाटलं होतं का? पप्पांचं अजून तेच चालू आहे, वरच्या घरचं पाणीसुद्धा नको. तू पाठवलेली सुकटीची चटणी मी गॅलरीत उभ्याने खाल्ली.

बातमी वाईट आहे. आमचा टीव्ही गेला. लाल दिवा लागतो, आत टक असा आवाज होतो आणि पडदा काळाच राहतो. कंपनीच्या माणसाने फोनवर वॉरंटी विचारली. मी घेतल्याचं खरं वर्ष सांगितलं तर तो हसलाच. म्हणाला, प्लाझ्मा बनवणं बंद होऊनही दहा वर्षं होत आली, नवा घ्या. पण आजोबांचा हट्ट तुला माहीत आहे. दोन्ही मुलांना त्यांनी एकाच दिवशी एकसारखे टीव्ही आणले, कुणी कुणाला बोलायला नको म्हणून. आता म्हणतात, घेशील तर दोन घे, एक वर दे. पप्पा म्हणतात, वर एक खिळासुद्धा देणार नाही. त्यामुळे आजोबा कबड्डीच्या वेळेला काळ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

नेरूळच्या सेक्टरमधल्या कुलदीपच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उद्या टीव्ही नेते. तुझी तब्येत कळव. लोभ आहेच, तो जिन्यात सांडू देऊ नकोस.

तुझी,
जागृती


दुसरा मजला
१० जानेवारी

चि. जागूला काकीचा आशीर्वाद.

पाव दबला. चहात बुडवून खाल्ला, कळलं नाय.

माझं शुद्धलेखन तपासू नको. तुला ण शिकवला मी, पन माझ्या तोंडात न हाय तो हातात पन येतो.

तुमचा गेला वाचून हसू आलं, कारन माझा पन आजारी हाय. हुंऽ हुंऽ करतो, कानात मच्छर शिरल्यासारा. कडेला एक उभी रेघ येते. दीपेश खारघरवरनं आला तवा गाडीत टाकून घेऊन गेला, नेरूळलाच कुठं तरी दिलाय बोलला. तो पन बोलला नवा घेऊन देतो. मी नाय बोलले. खाली जुना नि वर नवा झाला तर मामंजींना काय वाटेल?

तुझे काका गेले तवापासून दिवा लावला का मी टीव्ही लावते. काय चाललंय ते बघत नाय, भाजी निवडते. घरात कोनाचा तरी आवाज हवा. चार दिवस नाय तर फ्रिजचा आवाज ऐकत बसते. येईल दुरुस्त होऊन, मोठा आजार नाय बोललाय.

भावजींची शुगर कशी हाय? मी विचारलं असं सांगू नको.

आशीर्वाद हायेत, जपून वापर.
तुझी काकी


पहिला मजला
१७ जानेवारी

ती. काकीस, सा. न. वि. वि.

आमचा टीव्ही सुरू झाला. आजोबा खूश आहेत. चढाईला गेलेल्या पोराला खुर्चीतून शिव्या घालतात.

तू नवा टीव्ही घेच. दादा देतो आहे तर नाही म्हणू नकोस. आजोबांना मी समजावेन. हल्लीचे टीव्ही हलके असतात, वीज कमी घेतात, चित्रही चांगलं दिसतं. तुझ्या डोळ्यांनाही बरं पडेल. मी येऊन लावून देईन, पप्पांना कळणार नाही.

सोबत तिळाचे लाडू ठेवले आहेत. पिशवी जड झाली असेल तर सावकाश ओढ. थंडी आहे, पायात मोजे घाल.

जागृती


दुसरा मजला
२० जानेवारी

चि. जागू,

लाडू गोड होते, पत्र अळनी. मोजे घाल काय, मी काय लोनावळ्याला राहते?

माझा टीव्ही मेला. दुकानवाल्यानं दीपेशला फोन केला का आतलं सगळं गेलंय, होनार नाय, न्यायचा तर न्या नायतर भंगारात टाकतो. दीपेश बोलला टाक.

तुला एक सांगते, कोनाला बोलू नको. तुमचा बंद पडला तवा मनात आलं, बरं झालं. भावजी माझ्या पोराच्या हळदीतनं भरल्या पानावरनं उठले, बसू दे आता अंधारात. मामंजी पन तिथंच बसतात त्याचा इचार केला नाय. म्हाताऱ्या मानसाचं वाईट चिंतलं ते माझ्यावर उलटलं. देवीनं मोठा आजार नसताना टीव्ही नेला. आता बसते फ्रिज ऐकत, माझ्या कर्मानं.

तुमचा झाला ते बरं झालं. खरंच बरं झालं.

काकी


पहिला मजला
२१ जानेवारी

काकी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी करते.

देवीने काही केलेलं नाही. मी केलं.

कुलदीपने आमचा टीव्ही उघडून सांगितलं की बोर्ड जळला आहे आणि नवा कुठेही मिळणार नाही. मग तो म्हणाला, याच मॉडेलचा एक सेट किरकोळ कामासाठी आला आहे. त्याचा बोर्ड याला बसेल. त्या लोकांना होत नाही म्हणून सांगतो, जुना आहे, विश्वास ठेवतील. दोनातला एक तरी चालेल. मला दाखवायला त्याने तो सेट वळवला. पाठीवर कोपऱ्यात वहीचं लेबल होतं, मीच पाचवीत असताना चिकटवलेलं, तुझ्या घरी दुपारभर लोळत असताना. त्यावर माझं नाव होतं. माझ्याच अक्षरात.

काकी, मी हो म्हटलं नाही. हे मी तेव्हापासून स्वतःला सांगते आहे. मी म्हटलं, बघा तुम्हाला योग्य वाटेल तसं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. डोळ्यांपुढे आजोबांची खुर्ची आली, आणि फ्रिजचा आवाज ऐकत बसलेली तू आली नाहीस. तुझं ते पत्र मी वाचलेलं होतं, तरी आली नाहीस.

काल पुन्हा दुकानात गेले. तुझा सेट भंगारवाल्याने नेला होता. कुलदीप म्हणाला, ताई, तुम्हीच तर म्हणालात.

तू माझ्या वाटचं पाप स्वतःच्या कपाळी लावून बसली आहेस, ते मला सहन होत नाही. तुझा लोभ मागायचा हक्क गेला आहे, म्हणून मागत नाही.

जागृती


दुसरा मजला
२४ जानेवारी

जागृती,

तीन दिवस पिशवी सोडली नाय. पावाशिवाय चाललं.

मागितला असतास तर दिला नसता का मी? मामंजींसाठी सबंध टीव्ही दिला असता, वर चहा पाजला असता. तुला अक्षरं शिकवली ती मला फसवायचं पत्र लिहायला? हलके असतात, वीज कमी घेतात! माझ्याच घरात चोरी करून मलाच मोजे घालायला सांगतेस.

बोर्ड परत नको. मामंजींच्या समोरनं कबड्डी काढून मला काय करायचंय. पन भावजी छाती काढून सांगतात का वरच्या घरचं पानी घेत नाय. त्यांना सांग त्यांचा टीव्ही कोनाच्या जिवावर चाललाय. तू सांग, तुझ्या तोंडानं. चिठ्ठी लिहून नाय. तवर मला लिहू नको.

पुतळा


पहिला मजला
२८ जानेवारी

ती. काकीस, सा. न. वि. वि.

परवा सांगितलं. तू दार उघडल्यानंतरचं तुला माहीत आहे, त्याआधीचं लिहिते.

पप्पा जेवत होते. मी सगळं सांगितलं, लेबलसुद्धा. ते घास चावत राहिले. हात धुतला, आणि चढाई चालू असताना बटण बंद केलं. आजोबांनी त्यांना दिलेल्या शिव्या तुला वर ऐकू आल्या असतील. मला वाटलं आता दुकानात जाऊन भांडतील, नाहीतर तुझ्या दारात. त्यांनी फक्त मला दुसरी बाजू धरायला सांगितलं.

काकी, तो टीव्ही फार जड आहे. जिन्याच्या वळणावर आम्हाला तो खाली ठेवावा लागला. पप्पा पायरीवर बसून दम खात होते. म्हणाले, तुझा टीव्ही त्या दोघा भावांनी याच जिन्याने वर नेला होता, आणि खालची बाजू कुणी धरायची यावरून काकाशी त्यांचं इथेच भांडण झालं होतं. मग उठून पुन्हा खालची बाजू त्यांनीच धरली. तुझ्या दारापाशी टेकवल्यावर ते उतरून वळणावर थांबले आणि बेल मला वाजवायला लावली.

आता आजोबा काठी टेकत वर येतात. त्यांचे गुडघे मला खाली ऐकू येतात. प्रत्येक पायरी माझ्यामुळे आहे, हे काही केल्या मनातून जात नाही. त्यांना उशी दे, खुर्ची कडक आहे.

उरलेला लोभ तुझ्याकडेच असू दे, लागेल तसा मागेन.
जागृती


दुसरा मजला
२ फेब्रुवारी

चि. जागूला आशीर्वाद.

उशी दिली. मामंजींनी फेकून दिली.

तुला अजून माफ केलं नाय. एकदम कोनी करत पन नाय, नि तू पन रोज विचारू नको. दुपारची ये, नांग्या तोडून चिंबोऱ्या साफ करायच्या हायेत. हात चिरले का तुझं मन जरा हलकं होईल.

भावजींना एक सांग. मामंजींना न्यायला ते रोज येतात नि वळणावर थांबतात. हाक मारत नाय, बेल मारत नाय, नुसते खोकतात. शेजारची सुनयना मला इचारते, तुमच्या जिन्यात आजारी कोन हाय? आजपासून दार उघडं ठेवते, दुसरी खुर्ची पन मांडलीय. मॅच संपल्याशिवाय मामंजी काय उठत नाय, नि तवर मानसानं जिन्यात किती खोकायचं?

येताना पाव घेऊन ये, दाबू नको.
तुझी काकी