अर्धा रस्ता आईंचा, अर्धा बयोमावशींचा

६ जानेवारी
सकाळीच सर्व्हेवाली मुलगी दारात. आमच्याच ऑफिसची, पण मला ओळखत नव्हती. महानगराच्या मुख्य रस्त्यांचा नवा आराखडा चाललाय, म्हणून घरोघर विचारणं: कोण कुठे जातं, कशाने जातं. माझं आणि नवऱ्याचं, नितेशचं, लिहून झालं. मग सासूबाईंना विचारलं.
"मी कुटं जातंय गो? घरानच असतंय."
मुलीने शून्य टाकलं. चहा घेऊन गेली.

९ जानेवारी
मीटिंग. आमच्या गावासमोरच्या रस्त्याचा विषय निघाला. दुभाजकात तिथे माणूस जाईल एवढी मोकळी जागा आहे, सगळे 'कट' म्हणतात. सर म्हणाले, बंद करू, रेलिंग टाकू. बंदराकडचे ट्रेलर तिथून सुसाट जातात. मीही मान डोलावली. कॅमेरा लावून केलेल्या व्हिडिओ मोजणीत कोणी ओलांडताना दिसलं नाही तर प्रश्नच मिटला.

१३ जानेवारी
आज ऑफिसात. निकिता व्हिडिओ मोजते, तिने हसत हाक मारली. "मॅडम, या दोघींना कशात टाकू? रस्ता ओलांडतच नाहीत."
दुभाजकावर दोन म्हाताऱ्या. एक इकडून आलेली, एक तिकडून. डबा उघडला, खाल्लं, गप्पा झाल्या, आणि जी ती आल्या बाजूला परत.
इकडची आमच्या आई, म्हणजे सासूबाई! तिकडची बयोमावशी, त्यांची धाकटी बहीण. सासर समोरच्या पाड्यात. रस्ता नव्हता तेव्हा मधे फक्त शेताचा बांध होता, असं नितेश सांगतो. आणि डब्यात जवळ्याची चटणी, मी कालच केलेली. वाटलंच होतं, एवढी संपते कशी.
घरी आल्या आल्या विचारलं, "रोज रस्त्यात बसता?"
"रस्त्यान नाय. मधी."
"का पण?"
"पुरा रस्ता आता व्हत नाय गो. अर्धा मी जातंय, अर्धा ती येते."
"मग त्या मुलीला कुठे जात नाही कशाला सांगितलंत?"
"बयोकडं जायाला जानं बोलतात का?"
रिक्षाने जा म्हटलं. म्हणे समोर जायाला रिक्षा केली तर गाव हसंल. नितेश हसत सुटला. मी दोघांवरही चिडले. वाटण करपलं.

१७ जानेवारी
सरांना सांगितलं. सिग्नल द्या, मधे थांबायला रुंद जागा द्या. ते म्हणाले, घरचं आराखड्यात आणू नका, तिथे ओलांडणारे शून्य आहेत. आणि उद्या तिथे कोणी गाडीखाली आलं तर? हे मात्र खरं. मलाही तीच भीती आहे, त्यांच्यापेक्षा जास्त. पादचारी पूल म्हणाले. आईंचे गुडघे त्यांनी पाहिले नाहीत.
शेवटी: "बघू. पुन्हा मोजा."
तेवढं तरी.

२३ जानेवारी
कॅमेरा पुन्हा लागला. आई डबा तसाच घेऊन परत आल्या. मावशी आलीच नाही. फोन केला, तिच्या सुनेने उचलला. अंगात ताप, उठवत नाही.
आई जेवल्या नाहीत.

२४ जानेवारी
अर्धी रजा टाकली. लांबूनच दिसल्या. दुभाजकावर बसलेल्या, मांडीवर डबा, तोंड पलीकडे. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. 
मधे गेले.
"कशाला आलीस? ऑफिस नाय?"
"चला. मावशीकडे."
"नाय गो. तो अर्धा माजा नाय."
हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकमेकींचा हात असा कधी धरला नव्हता. खरबरीत, गार. मी दुसरा हात वर केला, एक ट्रेलर थांबला, त्याच्यामागे बाकीचे. हॉर्नचा नुसता गोंगाट. आई मान खाली घालून चालत होत्या. नखं रुतली मला.
मावशी गोधडीतून बघतच राहिली. "तू? कशी आलीस?"
"सुनेनं आनली."
आई गोधडीच्या कडेला बसल्या. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आतून भांडण ऐकू आलं, औषध का घेत नाहीस म्हणून. तेव्हा बरं वाटलं.

२८ जानेवारी
निकिता: "मॅडम, या तुम्ही ना?" पडद्यावर माझा पिवळा ड्रेस, मागे आई. "हे धरू का? तुम्ही ऑफिसच्या..."
"मी आणायला गेले होते. मला सोड, त्यांना धर."
जाताना एक, येताना एक. सरांनी मोजणीचा कागद बराच वेळ पाहिला.  फाईल वर पाठवतो म्हणाले. काय लिहून, ते विचारायचा धीर झाला नाही.
घरी येताना पाहिलं, रेलिंगचे खांब कडेला येऊन पडलेत.

३० जानेवारी
फाईल वरच. खांब तिथेच.
मावशीला अजून चालवत नाही. सकाळी मी आवरत होते, तर आई डबा भरून, चपला घालून दाराशी बसलेल्या.  माझ्याकडे बघत नाहीत.
"आई, मला उशीर होईल."
"मंग चल ना लवकर."
आणि हात त्यांनीच पुढे केला. आम्ही अजून दारातच होतो; रस्ता पुढे होता.