धूळ न्हाई, पावडर

४ मार्च २०२४, शिरूर
छातीच्या फोटोत डाग. डॉक्टरांनी विचारलं, धुळीत काम करता का? म्हटलं, न्हाई! रबरी हातमोज्यांच्या कंपनीत सोळा वर्षं काढली, आमच्यासारखं स्वच्छ खातं दुसरं नाही. मोजे चिकटू नयेत म्हणून पावडर मारायची, बास. घरी यायचे तर अंगाला घमघमाट! पण हे त्यांना कशाला सांगत बसू? टीबी म्हणाले. सहा महिने गोळ्या.

११ मार्च
माझा कप वेगळा, ताट वेगळं. पॉलने फळीवर मांडून ठेवलं. पोटचा पोरगा, तो तरी काय करणार!

२ जून
दवाखान्यातून नात आली घरी! दारातूनच बघितली. सूनबाई म्हणाली, "मम्मी, तेवढं औषध संपू द्या." जेसिकाचं खरंच आहे. तरी राग आला.

२१ जुलै
बाळाचा बाप्तिस्मा. मी मागच्या बाकावर, तोंडाला रुमाल. गीताच्या दुसऱ्याच ओळीला दम संपला. स्वतःलाच म्हटलं, कृपाबाई, तुझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा गं!

५ ऑगस्ट
आज काही नाही. खोकला.

१० सप्टेंबर
गोळ्या संपल्या, दम तसाच. मोरीपर्यंत जाताना मध्ये टेकावं लागतं. पुन्हा तपासा म्हणे. म्हणजे बाळ अजून लांबच. वीट आला.

१ ऑक्टोबर
पॉलबरोबर एसटीने न्हावऱ्यावरून दौंड. छातीच्या डॉक्टरीणबाई. थुंकीत टीबी कधी सापडलाच नव्हता म्हणाल्या.
"काम काय करता?"
"मोज्यांना पावडर मारायची."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "तोंडाला काय बांधायचात?"
"काय न्हाई. पावडर हाय ती, धूळ न्हाई."
मग सांगितलं. टीबी नव्हताच. ती पावडरच फुप्फुसात जाऊन बसलीय. औषधाने निघायची नाही. पॉल तिथंच रडायला लागला.
मी विचारलं, "ह्ये दुसऱ्याला लागतं का?"
"नाही."
"मंग नातीला घिऊ?"
"घ्या की!"
परतीच्या गाडीत मी हसत होते. पॉलला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

२ ऑक्टोबर
सकाळी जेसिकाने आपणहून बाळ मांडीवर दिलं. चार महिन्यांनी! नुकतीच आंघोळ घातलेली. गळा, काखा पांढऱ्याफेक. तोच वास.
ओलं फडकं मागितलं. पुसत बसले.
"मम्मी, काय लागलंय तिला?"
"धूळ," म्हटलं.