जिभेखालचे थेंब

सौ. मंडळींस टेलरमास्तरांचे आशीर्वाद, आणि त्याहून जास्त आठवण.

लेकीकडे इथल्या डॉक्टरीणबाईंनी कंपवाताच्या गोळ्यांसोबत गांजाच्या अर्काचे थेंब दिलेत, जिभेखाली. हसू नकोस! धाकट्या भावाला गंजेटी म्हणून उभा जन्म शिव्या घातल्या. त्याला कळू देऊ नकोस म्हणजे झालं. झोप लागते, अंग सैल वाटतं. हाताचं बघू म्हणतात. दिवसभर नुसता दारातून खिडकीत, खिडकीतून दारात करतो.

काल लेकीच्या शर्टाला बटण लावलं, नेहमीसारखं मांडीवर धरून. उठलो तर शर्ट माझ्या लेंग्यालाच शिवलेला! लेक पोट धरून हसली, मग आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मशीनला तेल घालतेस ना? गिऱ्हाइकाला नाही म्हणू नकोस. फक्त तारीख देऊ नकोस.

तुझाच,
मास्तर