राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचा प्रश्न

मिल क्रीक, नेब्रास्का
१२ जानेवारी १९५८

ती. अल्मीराताईस,
एल्डनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि मॅपलचा पाकही. बाटली वाटेत थोडी गळली होती, त्यामुळे पत्र गोड लागलं असं म्हणायला हरकत नाही. तुझी भावजय कोरा गेल्यापासून पॅनकेक मीच करतो; पहिला करपतो, दुसरा कच्चा राहतो.

दुकान विकलं हे मी बरंच केलं. हात थरथरणाऱ्या न्हाव्यापुढे गळा द्यायला कोण बसेल? पण चाळीस वर्षं खुर्चीतल्या माणसांशी बोलत आलो, आता बोलायला समोर आरसासुद्धा नाही.

बुधवार मात्र बरा जातो. रेडिओवर थोरामोठ्यांच्या अपरिचित गोष्टींचा कार्यक्रम असतो. निवेदक प्रश्न विचारतो, ज्याचा फोन आधी लागेल त्याने उत्तर द्यायचं. बक्षीस म्हणून डुकराची एक अख्खी खारवलेली तंगडी. गेल्या खेपेला लिंकनच्या नावावर कुठल्या यंत्राचं पेटंट होतं असं विचारलं. उथळ पाण्यात अडकलेली नाव उचलायचं, हे मी सांगितलं आणि जिंकलो. पण त्याआधी सलग तीन बुधवार सँड हॉलोच्या हुल्डा लिंडग्रेन नावाच्या बाईंनी मला हरवलं. वॉशिंग्टनचे दात लाकडाचे होते असं मी ठोकून दिलं होतं. त्या म्हणाल्या, दात पाणघोड्याच्या सुळ्यांचे आणि खऱ्या माणसांचे होते, लाकडाचं असेल तर मिल क्रीकच्या न्हाव्याचं डोकं असेल. सगळ्या परगण्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी वाणीसुद्धा माझ्या डोक्यावर टकटक करून बघत होता.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो थंडीत आटू देऊ नकोस.
तुझा एल्डन

रटलंड, व्हरमाँट
२६ जानेवारी १९५८

चि. एल्डनला अल्मीराचे अनेक आशीर्वाद.

पत्रात हुल्डाबाईंवर पाच वाक्यं आहेत. मी मोजली नाहीत, हेन्रीने मोजली, आणि हे तुझ्या मेव्हण्याने गेल्या महिन्याभरात केलेलं सर्वांत लांब भाषण आहे. त्या विधवा आहेत का, वय काय, चर्च कुठलं, हे सगळं कळव.

थट्टा पुरे. वरची पूर्वेकडची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. घर विक आणि इकडे ये. एवढ्या मोठ्या माळावर एकटा पडलायस. एखाद्या दिवशी जिन्यावरून घसरलास तर कळणार कुणाला? हेन्री बोलत नाही, पण पत्ते खेळतो. वसंतापर्यंत काय ते ठरव, नाहीतर खोली भाड्याने द्यावी लागेल.

अंगात लोकरीचं घालत जा. तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं बोलते.
तुझी ताई

मिल क्रीक
२३ फेब्रुवारी १९५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाई विधवा आहेत, लूथरन आहेत, आणि वय विचारायची माझी छाती नाही. पण आता थट्टा करू नकोस, कारण काहीतरी बिनसलंय.

पंधरा दिवसांपूर्वीच्या कार्यक्रमात त्या अबोल म्हणून गाजलेल्या राष्ट्राध्यक्ष कूलिजवर प्रश्न होते. पहिला सोपा होता, व्हाइट हाऊसमध्ये ते कुठल्या घोड्यावर बसायचे. हुल्डाबाईंनी विजेवरच्या यांत्रिक घोड्याचं उत्तर दिलं आणि वर म्हणाल्या की असा घोडा बोलत नाही, म्हणून त्या दोघांचं जमलं असेल. निवेदकाला हसू आवरेना. मग त्याने त्याच हसऱ्या आवाजात विचारलं, राष्ट्राध्यक्षांचा धाकटा मुलगा सोळाव्या वर्षी कशाने गेला?

पायाच्या बोटावरच्या फोडाने. मोज्यांशिवाय टेनिस खेळला, फोड चिघळला, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक असेल तर त्यांना नक्कीच होतं. फोन त्यांचाच लागलेला. रेडिओवर कितीतरी वेळ फक्त श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. निवेदक म्हणाला, बाईंची गाडी आज रुळावरून घसरली.

त्यानंतर दोन्ही बुधवारी त्यांचा फोन नाही. दोन्ही तंगड्या मीच जिंकल्या. एक चर्चला दिली, दुसरी तशीच लटकते आहे. जिंकल्यावर टोमणा मारायला कुणी नसेल तर मांस नुसतं मांसच असतं. रस्ते मोकळे झाले की सँड हॉलोला जाऊन यावं म्हणतो. वेडेपणा वाटला तर तसं कळव.

लोभ कायम असू दे.
एल्डन

रटलंड
४ मार्च १९५८

चि. एल्डनला अनेक आशीर्वाद.

वेडेपणाच आहे. ताबडतोब जा. दाराशी गेल्यावर बडबड करू नकोस. तुला न्हाव्याची सवय, समोरच्याला बोलू देत नाहीस. ती तंगडी घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि खोलीचं उत्तर अजून आलेलं नाही, हे विसरले नाही मी.

तुझी काळजी करणारी,
ताई

मिल क्रीक
२० एप्रिल १९५८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

मी गेलो. तिथल्या वाण्याच्या दुकानामागे दोन खोल्यांत त्या राहत होत्या. उंच, हडकुळ्या बाई. दार उघडून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, डोकं तर साधंच दिसतंय. मग कॉफी ठेवली. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. मुलगी ओरेगॉनला असते, ती न्यायला येणार होती.

तू सांगितल्यासारखा मी गप्प बसलो. दुसऱ्या कपाला त्या आपणहून बोलल्या. त्यांचा मुलगा धान्याच्या कोठारात दाताळ्यावर अनवाणी पाय देऊन बसला. जखम एवढीशी, नखाएवढी. चुना लावला, कापड बांधलं. डॉक्टर आले तोवर धनुर्वाताने दातखीळ बसली होती. ते दुष्काळाचं साल होतं. पुढे शेत गेलं, नवरा गेला, त्या सँड हॉलोला आल्या. तिथे कुणालाच माहीत नव्हतं की त्यांना मुलगा होता. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ओठावर होतं, म्हणाल्या, पण एका तंगडीसाठी ते तोंडातून निघेना.

मी विचारलं, "नाव काय त्याचं?"

ताई, त्या बाईंनी कप खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "निल्स."

गेल्या आठवड्यात त्यांना गाडीवर पोचवलं. डब्यात चढताना त्यांनी एवढंच मागितलं की जमेल तेव्हा निल्सकडे जाऊन यावं. त्यांच्या जुन्या शेताजवळ टेकडीवर थोड्याशा स्वीडिश कबरी आहेत. चर्च जळालं, माणसं पांगली, तिथे आता कुणी जात नाही.

काल जाऊन आलो. सावलीत अजून बर्फ होतं. दगडावरचं गवत काढलं, नाव पुसून स्वच्छ केलं.  मग मी बोलायला लागलो. त्याची आई सुखरूप गाडीत बसली, हे सांगितलं. तिने मला किती वेळा हरवलं तेही सांगितलं. मग कोराचं सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारपणाचं, जे तुलाही कधी सांगितलं नाही. घसा दुखेपर्यंत बोललो. वारा होता, ऐकायला कुणी नव्हतं, पण परत येताना मोटारीत मी एकटा आहे असं पहिल्यांदाच वाटलं नाही.

वरची खोली भाड्याने दे, ताई. हेन्रीला पत्त्यांसाठी दुसरा कुणीतरी मिळेल. मे महिन्यात टेकडीवर गवत गुडघ्याएवढं वाढतं, आणि ते कापायला माझ्याशिवाय कुणी नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा एल्डन