आदर्श उबदार घर

प्रिय क्लाइव्ह,

तुझ्या कौन्सिलने आपल्या आईच्या दारावर ठोकलेली हिरवी पाटी आज मी घासूनपुसून चकचकीत केली. 'आदर्श उबदार घर'! आईचाच हुकूम. "नीट पूस गं, गुरुवारी क्लाइव्हची माणसं येणार आहेत फोटो काढायला." हे पत्र मी तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, अंगात कोट आणि गळ्यात मफलर घालून. बाहेरून आत्ताच आले असं समजू नकोस, सकाळपासून इथेच आहे. आई शेजारच्या खोलीत दोन ब्लँकेटं गुंडाळून खोकते आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन साफ सांगितलं, गेल्या वर्षीसारखा गारठ्यात अजून एक हिवाळा काढला तर ही छाती तो निभावणार नाही.

तू लगेच म्हणशील, हेझलला सुधारणा बघवत नाहीत. अरे, तुम्ही आईकडे बसवलेल्या त्या घर गरम करणाऱ्या पंपाला मी कशाला नावं ठेवू? माझ्या घरी हीट पंपच आहे आणि घर कसं मस्त राहतं. पण आम्ही आधी भिंतींना आतून ऊब धरणारं अस्तर करून घेतलं, फटी बुजवल्या, खोल्या तापवणारे मोठे रेडिएटर बसवले. इथे आपल्या आजोबांच्या वेळच्या उघड्या दगडी भिंती, माळावरचा वारा खिडकीतून सरळ आत आणि रेडिएटर तेच जुने, चिमुकले. ते कोमट होतात, मांजर निजून उठलेल्या उशीइतके. बिल मात्र असं येतं की आईने पंप बंदच करून टाकला. "भिंतींचं पुढच्या वर्षी," असं तू सभेत म्हणालास. का, ते मला ठाऊक आहे. भिंतीच्या आतलं अस्तर फोटोत दिसत नाही, अंगणातला पंप दिसतो. आणि किती पंप बसले हे भाषणात सांगता येतं. भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतायचं आणि ओतणाऱ्याने स्वतःलाच हार घालून घ्यायचा. शिसारी आली मला, क्लाइव्ह.

आईच्या कपाटामागे काय आहे, बघितलंस कधी? काळी, लिबलिबीत बुरशी. तिचा चर्चला घालायचा निळा झगा मी बाहेर काढला, तर त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता. तुमच्या ऑफिसातून एक बाई आली होती, तिने नाक मुरडून खिडकी उघडली. जानेवारीत! शिवाय निघताना म्हणते, "आजी, झोपताना लोकरीची टोपी घालत जा हं." चौऱ्याऐंशी हिवाळे या डोंगरात काढलेल्या बाईला ही टोपी शिकवते!

आणि शेजारचे ऑकरॉयड. त्यांनी पंप घेतला तो फक्त आईच्या शब्दावर. आता म्हातारबुवा दिवसभर वाचनालयात बसतात, पुस्तक उघडतसुद्धा नाहीत, नुसता रेडिएटरला पाठ लावून. परवा मला दारात गाठून म्हणाले, "काय गं पोरी, तुझ्या आईला थंडी खरंच वाजत नाही, की खरं बोलायची लाज वाटते?" खाली मान घालून आत आले आणि आईवरच ओरडले. सगळ्या गल्लीला कशाला सांगत सुटलीस, घर छान गरम राहतं म्हणून? ती नुसती चहा ओतत राहिली. लहानपणी शेगडीजवळची खुर्ची कायम तुझी आणि कुडकुडायचं मी, तेव्हाही मी भांडले की ती अशीच चहा ओतायची.

शेवटी त्या रात्री तिने तोंड उघडलं, आणि तेही तुला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावून. ती शपथ मी आत्ता मोडते आहे. तुला वाटत असेल, मी तर दर रविवारी जेवायला जातो, घर तर चांगलं उबदार असतं. क्लाइव्ह, तू निघताना फोन करतोस ना? तो फोन ठेवला की ती जिन्याखालून जुना विजेचा हीटर ओढत आणते. ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं टाकते. तू बेल वाजवलीस की हीटर पुन्हा जिन्याखाली, कोट कपाटात, आणि गाल चोळून ती दार उघडते. तू गेलास की परत कोट. "त्याने चारचौघांत शब्द दिलाय," म्हणाली, "त्याच्या आईनेच त्याला खोटं पाडायचं का?" गुरुवारी तू तिला चॅपलच्या हॉलमध्ये बोलायला उभी करणार आहेस, पंप घ्यावा की नाही या विचारात असलेल्या वरच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर. ती बोलेल. तुझ्यासाठी ती काहीही बोलेल, आणि ते सगळे तिच्यावर विश्वास ठेवतील. म्हणून लिहिते आहे. गुरुवारची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्या संध्याकाळी ये. फोन करू नकोस. कोट गाडीत ठेव, तासभर तिच्याजवळ बस, तिचे हात हातात घे. मग गुरुवारी तिने काय बोलायचं ते तूच तिला सांग.

कितीही चिडले तरी तुझीच,
हेझल