पहिला चेंडू आपल्याच गड्याकडे

मी, बजरंग कारभारी दहातोंडे, वय ६८, धंदा गाड्यांची सीट कव्हरं शिवणे, राहणार नेवासा. डोके ठिकाणावर आहे, कान तर जरा जास्तच तिखट आहेत, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे काय कोणाचे, ते आजच लिहून ठेवतो. सगळे स्वकष्टार्जित आहे.

१. घर व दुकान पत्नी सविता हिला.

२. गोलकीपरचे पॅड नात निकिता हिला. टेम्पोच्या सीटच्या फोमचे मीच शिवलेले आहेत. तालुका हॉकी क्लबचा गोल आज तीच राखते.

३. पुढच्या कलमाचे कारण आधी नोंदवून ठेवतो. १९८१ची हॉकीची जिल्हा फायनल, गोलकीपर मी, एक-एक बरोबरी. आमचा गोल माझ्या पायातून निघालेला: चेंडू अडवला आणि लगेच डावीकडे मोकळ्या असलेल्या आमच्या लेफ्ट हाफला दिला. समोरचे सगळे आमच्याकडे चढून आलेले, मागे रान मोकळे. तीन पासात गोल. शेवटच्या मिनिटाला तसाच चेंडू, तोच हाफ मोकळा. कॅप्टन अमृत दरंदले ओरडला, "बज्या, शानपना नको! बाहेर मार!" मी ऐकले. तेवढीच चूक. चेंडू रेषेबाहेर गेला, तो त्यांना मिळाला आणि आमचे गडी मागे फिरायच्या आत गोल बसला.

तंबूमागे पॅड सोडताना कानावर आले. अमृत निवड समितीला सांगत होता, "मी पास दे म्हन्लो हुतो. गडी घाबारला." तो जिल्हा संघात गेला. मी सीट शिवायला बसलो.

४. अमृत आता क्लबचा अध्यक्ष आहे. परवा निकिताला म्हणाला, "पोरी, आजोबावानी करू नको. बाहेर मार." बाहेर मारला म्हणून मला घाबरट ठरवणाऱ्याचाच हा सल्ला. म्हणून क्लब खेळतो ती माझी माळावरची दोन एकर जमीन निकिताला. क्लबने फुकट खेळावे, मात्र चेंडू कोणाला द्यायचा हे गोलकीपर ठरवील आणि अमृत मैदानात पाय ठेवणार नाही. कुंपणापलीकडे बाभळीखाली त्याला माझ्या खर्चाने खुर्ची द्यावी. माणुसकी मी सोडलेली नाही.

५. साक्षीला त्यालाच बोलावले आहे. काल फोनवर म्हणाला, "जमीन क्लबचीच ना, बजरंगशेठ?" म्हटले, "क्लबचा विचार केल्याशिवाय ऱ्हाईन व्हय?" वकील सांगतात, साक्षीदाराने मजकूर वाचावाच असे नाही; माझी सही होताना पाहिली की पुरे.

नेवासा, दि. १४ नोव्हेंबर २०२५
बजरंग कारभारी दहातोंडे (सही)

समक्ष सह्या:
१. डॉ. हनुमंत बानकर (सही). मजकूर वाचला. लिहून देणार शुद्धीत आहेत, खुशीतही.
२. अमृत आसाराम दरंदले, अध्यक्ष (सही). बजरंगशेठवर पूर्ण विश्वास असल्याने वाचले नाही.