लाल दोऱ्याचा कोट

४ मार्च

'फक्त गुणांवर!' मालकीणबाईंनी आज सगळ्यांसमोर ठासून सांगितलं. आणि शेजारी कोण उभं? त्यांचा भाचा! नवा शर्ट, गळ्यात नवी टेप. टेप उलटी, पण गळ्यात.

कटिंग मास्तर काम सोडून गेले तेव्हापासून इथलं कापड मीच बेततेय. कात्री माझी, चुकलं तर बोलणी माझी, हुद्दा मात्र मदतनिसाचा. आता मास्तरांची जागा भरायची तर म्हणे परीक्षा. भाच्याने कसलासा कोर्स केलाय, चकचकीत सर्टिफिकेट आहे. वशिल्याचं तट्टू!

घरी येऊन भांडी आपटली. हे म्हणाले, "अंगात गुण असेल तर कोण अडवतं?" यांना नोकरीला चिकटवलं ते यांच्या काकांनी. पण बोलले नाही. म्हणजे तेव्हा बोलले नाही. जेवताना बोललेच.

५ मार्च

परीक्षा अशी — एकाच माणसाच्या मापाचा कोट तिघांनी बेतायचा आणि शिवायचा. कोटावर नाव नाही. डब्यात हात घालून न बघता रीळ उचलायचं आणि त्या रंगाच्या दोऱ्याची गाठ कॉलरखाली मारायची. माझं लाल आलं. दुसऱ्यांचं काय आलं ते त्यांना ठाऊक. प्रत्येकाने मागच्या खोलीत दार लावून काम करायचं. माप आमच्या ड्रायव्हरचं. त्याचा उजवा खांदा उतरलेला आणि पाठीला जरासं पोक. खरी परीक्षा त्या खांद्याचीच आहे.

परीक्षक बाहेरचे, म्हातारे थोरले मास्तर. फार कडक, असं सगळे म्हणतात.

आणि तिसरी कोण, तर बडबडी! काजं-बटणं करणारी आमची बडबडी. तिने हात वर केला तेव्हा सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तीच हसली. "हरले तर काजं आहेतच की गं, ती कुठे पळतायत!" तिला बेतायला शिकवलं कोणी? कोणीच नाही. जुन्या बाजारातून कोट आणते, घरी उसवते, तुकडे मांडून बघते, परत शिवते. नवरा वैतागलाय म्हणे — "घरात एक कोट धड नाही!"

बिचारी.

९ मार्च

कोट झाला. चांगला झालाय, उगाच विनय कशाला!

बेतताना बाबा सारखे आठवत होते. मी त्यांच्या शिंपीकामाच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची. मग टेबलापाशी उभी राहायला लागले, मग हातात खडू आला. लग्नापर्यंत रोज तेच. पाठीच्या शिवणीत बाबा इतरांपेक्षा बोटभर जास्त माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, सोडायचे. ती आत दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढे कोट सैल करता येतो. "माणूस जाड होतो, कोट होत नाही," म्हणायचे. मीही तशीच सोडली. आता हात दुसरं काही करतच नाही.

मला कोणी मावशीने आयतं आणून दिलेलं नाही. सगळं हाताने कमावलंय!

१० मार्च

भाचा आला. "ताई, मुंढ्याची गोलाई कशी काढता हो?" बाहीचा मुंढा! तोच येत नाही आणि निघाले मास्तर व्हायला! म्हटलं, सर्टिफिकेटवर लिहिलं असेल बघ. तोंड एवढंसं करून गेला.

१२ मार्च

सगळं ठरलेलं आहे. सगळं!

थोरले मास्तर उद्या येणार, त्याआधी मालकीणबाईंनी ड्रायव्हरला तिन्ही कोट घालून बघायला लावले. पिवळ्या दोऱ्याचा — बाह्या पिळवटलेल्या. माझा लाल — छान बसला. उतरलेल्या खांद्याखाली एक बारीक चुणी पडली, कोणाच्या लक्षात यायची नाही अशी. मग हिरवा.

हिरव्यात चुणी नव्हती. खांदा उतरलेला आहे हेच दिसेना. पोक कुठे गेलं कळेना. ड्रायव्हर आरशासमोरून हलायला तयार नाही. "हा मी ठेवून घेऊ का हो?"

पिवळा तर बडबडीचाच असणार, म्हणजे हा भाच्याचा! असा कोट भाच्याच्या हातून? मुंढा विचारत फिरणाऱ्याच्या? मावशीने बाहेरच्या कोणाकडून तरी बेतून आणलाय, दुसरं काय! दार लावून काम करायचं, कोण बघायला येतंय? आणि वर तोंडाने 'गुण, गुण'! खऱ्याची दुनिया नाही हेच खरं. उद्या जायचंच नाही असं ठरवलंय. ड्रायव्हरकडे बघून बडबडी मात्र खुदुखुदू हसत होती. हिला कशाचं काही नाही.

१३ मार्च

लाल!!

गेलेच शेवटी. थोरले मास्तर कोट घेऊन आत गेले, दार लावलं आणि लगेच बाहेर आले. हातात माझा कोट! "हा. बाकी बोलायचं कारण नाही." मला रडूच फुटलं. मालकीणबाईंनी स्वतः मोठी कात्री हातात दिली.

पिवळा भाच्याचा निघाला. त्याने गुपचूप येऊन अभिनंदन केलं. मावशीने काही केलेलं नव्हतं. उगाच शिव्या घातल्या बाईला.

म्हणजे हिरवा बडबडीचा.

सगळ्यात आधी मला मिठी तिनेच मारली. आपला कोट तिने ड्रायव्हरला देऊन टाकला. इतका चांगला बसला होता, मग? मास्तरांनी आतलं काम बघितलं असणार. आत कुठेतरी चुकली असेल. शेवटी शिकलेला हात तो शिकलेला हात.

हे म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" आज त्यांना म्हणू दिलं.

१६ मार्च

थोरल्या मास्तरांकडे गेले होते, पाया पडायला. खूश झाले. म्हणाले, "पोरी, तुझा कोट उलटला, पाठीची माया दिसली आणि माझा हातच थांबला. अगं, हे तर आमचं टेबल! तुझ्या बाबांच्या हाताखाली शिकलोय मी. त्यांची मुलगी तिथे काम करते हे कानावर होतंच."

मी विचारलं, "आणि तो हिरवा कसा वाटला?"

"कोणता हिरवा?"

 ते बाबांच्या गोष्टी सांगत राहिले, मी हं हं करत राहिले.

घरी येऊन कोणावर चिडायचं तेच कळेना. चिडायची इतकी सवय, आणि आज समोर कोणी नाही. भाच्याला मावशी होती. तिचा तर काही उपयोगही झाला नाही. मला बाबा होते. बडबडीला जुन्या बाजारातले कोट होते. लाज वाटतेय. आणि जागा सोडवत नाही, हेही लिहून ठेवते.

उद्या मालकीणबाईंना सांगणार. दोन्ही कोट परत घालून बघा म्हणणार. नक्की.

१७ मार्च

सकाळी कात्रीला धार लावत होते, तर बडबडी आली. आज हसत नव्हती. "खरं सांग हं, तू आता मास्तर. माझ्या कोटात काय चुकलं?"

मी म्हणाले, "मुंढा जरा घट्ट झाला."

"तरीच!" म्हणाली. चेहरा खुलला. लगेच ड्रायव्हरच्या अंगावरून कोट काढून घेतला. घरी नेऊन उसवून बघणार आहे.